शिडीघाट बंद, गणेशघाट चालू: खांडसच्या वाटाड्यांच्या सेवेचे परीक्षण

खांडस हे रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले, भीमाशंकरच्या डोंगराच्या ऐन पायथ्याचे गाव. नेरळ किंवा कर्जत स्थानकावर उतरून कशेळेमार्गे इथे यावे लागते, आणि कोकणातून भीमाशंकरला चढणाऱ्या दोन प्रसिद्ध वाटा इथूनच सुटतात. एक शिडीघाटाची: अंतराने कमी, परंतु कातळटप्प्यांवर लावलेल्या लोखंडी शिड्यांमुळे आणि शेजारच्या दरीमुळे अवघड मानली जाणारी. दुसरी गणेशघाटाची: गणपतीच्या छोट्या देवळावरून आणि पदरगडाच्या कुशीतून लांब वळसा घेत जाणारी, रुंद आणि मळलेली. दोन्ही वाटा वर पदरवाडीच्या पठारावर एकत्र येतात. तिथून पुढचा, दाट जंगलातला शेवटचा चढ दोन्हींना सामायिकच आहे. या गावातील काही तरुण गेली काही वर्षे वाटाड्या म्हणून काम करतात, येणाऱ्यांना घरचा नाश्ता व सोबत भाकरी बांधून देतात आणि गाड्या उभ्या करायला आपले अंगण मोकळे ठेवतात. त्यांच्या या सेवेला नाव नाही की पाटी नाही; गावात वाटाड्याची चौकशी केली की लोक बोट दाखवतात. आमच्या गटाने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना सोबत घेतले होते. शिडीघाटाने चढायचे, दर्शन घेऊन गणेशघाटाने त्याच दिवशी उतरायचे, असे ठरले होते. शिडीघाटाची वाट मध्येच बंद निघाली आणि बेत बदलावा लागला. हे परीक्षण प्रामुख्याने त्या बदलाचे आहे, कारण वाटाड्याच्या पैशाचे चीज होते की नाही हे मला तरी त्याच वेळी कळले.

सुरुवात दूरध्वनीवरच्या चौकशीपासून केली पाहिजे, कारण या मंडळींचे वेगळेपण तिथेच जाणवते. सामान्यतः आपण फोन करतो, माणसे किती ते सांगतो, समोरचा दर सांगतो आणि बोलणे संपते. इथे प्रश्न तिकडून आले. सर्वांत वयस्कर माणूस कितीचा, कोणाचे गुडघे दुखतात का, कोणाला उंचीची भीती वाटते का, याआधी शिडीची वाट कोणी केली आहे का, गाड्या स्वतःच्या की रेल्वेने येणार, परतीची गाडी चुकली तर चालण्यासारखे आहे का. पावसाळ्यात शिडीघाटाने आम्ही कोणालाच नेत नाही, कितीही पैसे दिले तरी नेत नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितले. पावसाच्या दिवसांत गर्दीच्या आणि धोक्याच्या ठिकाणांवर जिल्हा प्रशासनाकडून मनाईचे आदेश निघतात हे आता सर्वांना ठाऊक आहे. परंतु आदेश असो वा नसो, आपला स्वतःचा नियम असणे ही निराळी गोष्ट आहे.

बोलण्याच्या शेवटी त्यांनी जे सांगितले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. "शिडीने चढू, पण सामान गणेशघाटाचं घेऊन या." म्हणजे पाणी माणशी तीन लिटर, दोन वेळचे खाणे, प्रत्येकाकडे विजेरी, आणि वर मुक्काम पडलाच तर अंगावर घेण्यापुरते एक पांघरूण. शिडीघाटाने साधारण तीन-चार तासांत माथा गाठता येतो, तर गणेशघाटाला पाच-सहा तास धरावे लागतात. आखलेल्या वाटेपेक्षा लांब पडणाऱ्या वाटेचा हिशेब करून पिशवी भरायला सांगणारा वाटाड्या मला यापूर्वी भेटलेला नव्हता. आमच्यातल्या काहींनी त्या वेळी याबद्दल कुरकुर केली, आणि दुपारी तेच लोक पाण्याची तिसरी बाटली उघडत होते.

सकाळी पोहे आणि कोरा चहा झाल्यावर अंगणातच त्यांनी दिवसाचा आराखडा सांगितला. आम्ही नऊ जण आणि वाटाडे दोन, एक पुढे व एक सर्वांत मागे. त्यांनी दोन वेळा ठरवून दिल्या: साडेनऊपर्यंत पहिली शिडी चढून झाली नाही, तर शिडीघाट सोडायचा, आणि वाट कोणतीही असो, दुपारी एक वाजेपर्यंत पदरवाडी गाठली नाही, तर वर न जाता तिथूनच खाली फिरायचे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या भागात सूर्य साडेसहाच्या आत मावळतो आणि पदरवाडीच्या वरच्या जंगलात त्याच्याही आधी अंधारून येते, हा त्यामागचा हिशेब. या वेळा चालायला लागण्यापूर्वी, सर्वांचे पोट भरलेले आणि डोके शांत असताना ठरल्या हे फार बरे झाले. दमलेल्या, घामाघूम झालेल्या आणि माथ्याकडे डोळे लागलेल्या माणसांच्या गटाला ऐन चढणीवर असा निर्णय घ्यायला लावला, तर तो बहुधा जो सर्वांत मोठ्याने बोलतो त्याच्या बाजूने लागतो.

गावातून निघाल्यावर काही वेळातच रस्त्यावर पूल लागतो. इथे शिडीघाटाची वाट डावीकडे फुटते आणि गणेशघाटाकडे जाणारा रस्ता उजवीकडे पुढे जातो. आम्ही डावीकडे वळलो. भाताची खाचरे, मग ओढ्याचे पात्र, मग झाडी आणि मग एकदम अंगावर येणारा चढ, असा या वाटेचा क्रम आहे. पुढचा वाटाडा वाटेवर ताजी माती पाहून दोनदा थांबला होता, परंतु बोलला काही नाही. पहिल्या शिडीच्या खालच्या मोकळ्या जागेत पोचण्यापूर्वीच त्याने हात वर करून सर्वांना झाडाखाली उभे केले आणि तो एकटाच पुढे गेला.

घळीच्या वरच्या अंगाला दरड सुटली होती. एक जुने उंबराचे झाड मुळांसकट उलटून शिडीच्या डोक्यावर आडवे आले होते, त्याच्या मुळांत अडकलेला गोठ्याच्या दाराएवढा धोंडा शिडीच्या वरच्या टोकावर टेकला होता, आणि त्या भाराने शिडीची डावी बाजू कातळापासून हातभर सुटली होती. जिथून धोंडा निखळला तिथला दगड काळाभोर आणि कोरडा दिसत होता, म्हणजे त्यावर अजून शेवाळ चढलेले नव्हते. आजूबाजूचा सगळा कातळ मात्र हिरवट होता. वाटाडा तिथे घळीच्या एका कडेला, वरून काही आले तर अंगावर येणार नाही अशा जागी उभा राहिला आणि बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मध्येच बारीक खडे टक टक करीत खाली येत होते. थोड्या वेळाने त्याने मला एकट्याला जवळ बोलावले आणि दरडीच्या बाजूला मातीतून झिरपणारे पाणी दाखवले. पाऊस चार दिवसांपूर्वीच थांबला होता, पण डोंगरातले पाणी अजून वाहत होते. खडे पडायचे थांबले असते तर त्याने कदाचित आणखी पाहणी केली असती. ते थांबत नव्हते, आणि पाणी मुरलेल्या दरडीचा भरवसा धरता येत नाही, एवढे त्याला पुरेसे होते. तो खाली आला आणि सर्वांना उद्देशून म्हणाला, "वाट गेली. आपण फिरायचं." घड्याळात तेव्हा साडेनऊला अजून बराच अवकाश होता. ठरलेली वेळ टळलेली नसतानाही वाट सोडली, हे मी मुद्दाम नमूद करतो.

अशा वेळी पुढचा प्रश्न ठरलेला असतो: बाजूने काही मार्ग नाही का? तो आमच्याकडूनही आला. एका सदस्याच्या मोबाइलमध्ये कोणीतरी महाजालावर टाकलेली चालीची नोंद होती आणि त्यात घळीच्या उजव्या हाताला एक पुसट रेघ आडवी जाऊन वर पुन्हा मुख्य वाटेला मिळत असल्याचे दिसत होते. वाटाड्याने मोबाइल हातात घेऊन नीट पाहिला, हे मला आवडले. त्याने तो झिडकारला नाही. मग त्याने सांगितले की ती ढोरवाट आहे, गुरे कारवीच्या झुडपांतून काही अंतर आडवी जातात, चरतात आणि त्याच वाटेने मागे येतात. पुढे कातळ तुटलेला आहे. रेघ वर मिळाल्यासारखी दिसते ती वरून खाली डोकावलेल्या कोणाच्या तरी नोंदीमुळे असावी, असा त्याचा अंदाज होता. त्या जागी उभे राहून ते पटण्यासारखे होते.

सह्याद्रीत आडवे जाऊन बंद वाट चुकवणे इतके अवघड का जाते, हे डोंगराच्या घडणीवरून समजते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहिलेल्या लाव्हाच्या थरांचा हा डोंगर आहे. कठीण थराचा सरळ कडा, त्याखाली मऊ थर झिजून झालेला अरुंद पदर, पुन्हा कडा, अशी त्याची रचना असते. चढायची वाट असते ती जिथे एखादी नाळ (कड्यातली अरुंद घळ) किंवा सोंड (खाली उतरत आलेली डोंगरधार) हे सगळे कडे फोडून जाते तिथेच, आणि अशा जागा एका डोंगराला मोजक्याच असतात. पदरावरून आडवे चालत राहिले तर चालणे सोपे वाटते, माणूस फसतो तो नेमका इथे, कारण पदर कुठेतरी संपतो आणि तोपर्यंत डोक्यावर कडा व पायाखाली कडा अशी स्थिती झालेली असते. नकाशाही अशा वेळी पुरा पडत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारांस एक प्रमाणाच्या नकाशात समोच्चरेषांमध्ये, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचे वीस मीटरांचे अंतर असते. पंधरा मीटरांचा सरळसोट कातळ दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो, आणि माणूस पडायला त्याच्या निम्मी उंचीही भरपूर झाली. शिवाय हा सगळा भाग १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरातला. कारवी तोडत नवी वाट पाडणे तिथे धोक्याचे तर आहेच, शिवाय ते बेकायदेशीरही ठरू शकते. शेकरूची घरटी असलेल्या रानात कोयता चालवत वर जाण्याची कल्पना, खरे सांगायचे तर, आमच्यातल्या कोणालाही दुसऱ्यांदा विचार केल्यावर आवडली नाही.

याउलट अनुभव मी एका शहरी आयोजकाच्या सहलीत घेतलेला आहे. तिथे वाट दगडांनी बंद झाल्यावर नेत्याने पंधरा-वीस जणांना घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या मातीदगडांच्या निसरड्या उतारावरून, गवत धरून, एकामागोमाग चढवले. सर्व जण सुखरूप पोचले आणि त्यामुळे तो निर्णय योग्य होता अशी सर्वांची समजूत झाली. त्या नेत्याला दुसरी वाट ठाऊक नव्हती, ती ठाऊक असलेला माणूस सोबत नव्हता, परतीची बस ठरलेली होती आणि पैसे आधीच घेतलेले होते. अशा चार गोष्टी जुळून आल्या की मागे फिरणे जवळजवळ अशक्य होते. खांडसच्या वाटाड्यांना हे ओझे नाही. त्यांचे मानधन दिवसावर आहे, माथा गाठण्यावर नाही. दोन्ही वाटा त्यांच्या पायाखालच्या आहेत. आणि मागे फिरले तरी ते स्वतःच्याच घरी पोचतात.

परत निघण्यापूर्वी मागच्या वाटाड्याने आणखी एक काम केले. वाट ओढ्यापासून जिथे चढणीला लागते तिथे त्याने एक मोठी फांदी वाटेवर आडवी टाकली आणि तिच्यावर दोन दगड ठेवले. पुलाजवळ फोनला रेंज येताच त्याने गावच्या पोलीस पाटलांना आणि वनरक्षकांना दरडीची जागा कळवली. कड्याच्या पोटात फोन लागत नाही, त्यामुळे तिथे काही झाले असते तर मदत मागायलाही कोणाला तरी अर्धा डोंगर उतरावा लागला असता. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक दोन्ही वाटाड्यांकडे कागदावर लिहिलेला होता, फक्त फोनमध्ये साठवलेला नव्हता. माळीणची दरड, ३० जुलै २०१४ रोजी कोसळलेली, याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला, आंबेगाव तालुक्यात. इर्शाळवाडीची दरड जुलै २०२३ मधली, याच रायगड जिल्ह्यातली. या भागातल्या माणसांना दरड ही बातमी म्हणून वाचावी लागत नाही, आणि त्यांच्या सावधपणाचे मूळ कदाचित तिथे असावे.

पुलापाशी परतेपर्यंत दहा वाजून गेले होते. इथे पाच मिनिटे बसवून त्यांनी नवा हिशेब मांडला. गणेशघाटाने एकपर्यंत पदरवाडी गाठता येईल, पण थोडक्यात. ती गाठली तर वर जाऊन दर्शन होईल, मात्र त्याच दिवशी उतरता येणार नाही. वर मुक्काम करून सकाळी गणेशघाटानेच खाली यावे लागेल. मुक्काम नको असेल तर पदरवाडीवर जेवून खाली फिरायचे. ज्यांना दुसऱ्या दिवशी पुण्यात हजर व्हायचे आहे त्यांनी वरून एसटीने मंचरमार्गे जावे, परंतु मग गाडीचा चालक गाडीपाशी कसा पोचणार याचा विचार आताच करावा. गट फोडायचा असेल तर एक वाटाडा एका गटाबरोबर राहील. वाटाड्याशिवाय कोणीही एकटे-दुकटे उतरणार नाही. त्यांनी स्वतःची पसंती सांगितली नाही, ती विचारल्यावर सांगितली: मुक्काम. आम्ही ते मान्य केले. घरी फोन करायला त्यांनी आवर्जून थांबवले, कारण संध्याकाळी आठला घरी येणार असे सांगून निघालेला माणूस आला नाही की घरचे लोक शोधाशोध सुरू करतात. बेत बदलल्यावर तो घरी कळवणे हा बेताचाच भाग आहे हे बरेच अनुभवी लोकही विसरतात.

गणेशघाटाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, आणि हीच त्याची खुबी आहे. वाट रुंद आहे, चढ अंगावर येत नाही, चुकण्याच्या जागा थोड्या आहेत. गणपतीच्या देवळापाशी पहिला विसावा झाला. पुढे पदरगडाचा कातळ डोक्यावर ठेवून वाट वळसा घेते. या टप्प्यात ऊन थेट लागते आणि ऑक्टोबरचे ऊन उन्हाळ्यापेक्षा फारसे मवाळ नसते. वाटाड्यांनी इथे चाल मुद्दाम संथ ठेवली. वेळ थोडा असताना नेता पुढे पळू लागतो आणि मागचे दम लागून बसतात, मग एकूण वेळ वाढतोच. यांनी सर्वांत हळू चालणाऱ्या आमच्या एका ज्येष्ठ काकूंना पुढच्या वाटाड्याच्या मागे चालायला लावले आणि बाकीच्यांना त्यांच्या चालीने चालवले. वीस-पंचवीस मिनिटांनी दोन मिनिटांचा थांबा, तोही उभ्याने. एक वाजायला काही मिनिटे असताना आम्ही पदरवाडीच्या पठारावर होतो. तिथे भाकऱ्या सोडल्या: नाचणीची भाकरी, सुकी वांग्याची भाजी, लसणाची चटणी आणि कांदा. भाजीला मीठ कमी होते, चटणीने ते भरून काढले.

वरचा चढ जंगलातला, सावलीचा. दुपारी उशिरा आम्ही माथ्यावर पोचलो, रांगेत उभे राहून दर्शन झाले आणि मुक्कामाची खोली वाटाड्यांच्या ओळखीने मिळाली. खोली साधी होती, पाणी गार होते, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. सकाळी लवकर निघून दुपारच्या जेवणापूर्वी खांडसला उतरलो. उतरताना पुलाजवळ शिडीघाटाकडे निघालेला एक तरुणांचा गट भेटला. आमच्या वाटाड्याने त्यांना थांबवून दरडीची माहिती दिली आणि कोणतेही पैसे न घेता गणेशघाटाच्या वाटेला लावून दिले.

आता उणिवा. पहिली आणि माझ्या मते गंभीर उणीव पैशाची. वाटाड्याचे मानधन प्रत्येकी १,५०० रुपये आणि नाश्ता व बांधलेल्या भाकरीचे माणशी २०० रुपये असे आधी ठरले होते. मुक्काम पडल्यास दुसऱ्या दिवसाचे प्रत्येकी १,००० रुपये वेगळे लागतील, हे मात्र खाली उतरून हिशेब करताना कळले. रक्कम अवाजवी नाही, दोन माणसांचा दुसरा दिवस गेला हे खरेच आहे, आम्ही ती आनंदाने दिली. परंतु पर्यायी वाटेचे पाणी, खाणे आणि पांघरूण ज्यांनी फोनवरच सांगितले, त्यांनी तिचा खर्चही त्याच फोनवर सांगायला हवा होता. पुलावर पर्याय मांडताना पैशाचा आकडा सोबत असता, तर आमच्यातले काही जण कदाचित पदरवाडीवरून खाली फिरणे पसंत करते, आणि तो त्यांचा हक्क होता.

दुसरी उणीव साहित्याची. सोबत दोर होता आणि तो चांगल्या स्थितीत होता, पण प्रथमोपचाराची पेटी म्हणजे कापूस, पट्टी आणि एक मलम एवढेच होते. घोटा मुरगळला तर बांधायला ताणपट्टी आमच्या सामानात होती, त्यांच्याकडे नव्हती. इतक्या विचाराने काम करणाऱ्यांकडून ही अपेक्षा रास्त आहे. तिसरी गोष्ट नोंदणीची. साहसी पर्यटनाविषयी राज्य शासनाने २४ ऑगस्ट २०२१ रोजी धोरण जाहीर केले आणि त्यात अशा उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याची तरतूद आहे. विचारणा केली तेव्हा अर्जाचे काम चालू असल्याचे उत्तर मिळाले. प्रमाणपत्र पाहायला मिळाले नाही. गावपातळीवर दोन-चार माणसांनी चालवलेल्या कामाला कागदपत्रे जड जातात हे मी समजू शकतो, तरीही गटाची जबाबदारी घेणाऱ्याने हा प्रश्न मिटवून टाकावा. शाळा किंवा कंपनीच्या सहली काढणाऱ्यांनी तर या कागदाशिवाय पुढे जाऊच नये.

चौथी तक्रार किरकोळ आहे, पण रेल्वेने येणाऱ्यांना ती जाणवेल. कर्जत किंवा नेरळहून खांडसला आणण्याची व्यवस्था हे लोक करीत नाहीत. सहाआसनी रिक्षा आपली आपणच ठरवावी लागते, आणि बेत बदलून एक दिवस वाढला की परतीची रिक्षाही नव्याने शोधावी लागते. आम्ही गाड्या घेऊन गेलो होतो म्हणून हा त्रास झाला नाही. गाड्या रात्रभर अंगणात राहिल्या, त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

ज्यांना शिडीघाटच करायचा आहे, तोही शिडीवरचे छायाचित्र काढण्यासाठी, त्यांनी या वाटाड्यांकडे जाऊ नये, निराशा होईल. ज्यांच्या गटात वयाने, चालीने आणि अनुभवाने वेगवेगळी माणसे आहेत, आणि ज्यांना निघताना दुसरी वाट, दुसरा मुक्काम व दुसरी वेळ यांचा विचार करून दिलेला हवा आहे, त्यांच्यासाठी कोकणातून भीमाशंकरला चढण्याकरिता ही सेवा मी निश्चित सुचवेन. दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारी त्यांच्याकडे गर्दी असते आणि एका वाटाड्यामागे पाच-सहांपेक्षा अधिक माणसे ते घेत नाहीत. त्यामुळे आठवडाभर आधी फोन करावा, आणि त्याच फोनवर मुक्काम पडल्यास किती पैसे लागतील तेही विचारून घ्यावे. शिडीघाटाची दुरुस्ती होऊन वाट पुन्हा सुरू झाली आहे की नाही, हेही तेच खात्रीने सांगू शकतील; महाजालावरच्या जुन्या नोंदींवर विसंबून कोणी पुलापाशी डावीकडे वळू नये.